वाकडी चौकट, सरळ समुद्र

१२ फेब्रुवारी. आकाश स्वच्छ, वारा पडलेला, ओहोटी सुरू.

मी कॅमेऱ्याचा ट्रायपॉड बोलतोय. कॅमेरा डोळा मिचकावून मोकळा होतो. त्याचं ओझं पेलत गप्प उभं राहणं माझ्याकडे. माझं तारुण्य लग्नांत गेलं. माझ्या पायांत न अडखळलेला व्याही मी पाहिला नाही. पुढे एक पाय सैल झाला, तेव्हा फोटोग्राफरने मला आपले केस कापणाऱ्याला देऊन टाकलं. तेव्हापासून मी त्याच्या सलूनमध्ये आहे. माझ्यावर टॉवेल वाळतात.

तिथे आरशासमोरच्या भिंतीला ओल आली होती. गिऱ्हाइकाला आरशात आपल्या डोक्यामागे तीच दिसायची. मालकाने ठरवलं, तिथे समुद्रावरचा सूर्योदय लावायचा, तोही स्वतः काढलेला. येईल त्याला सांगून झालं, चौकटसुद्धा करून आणली. आता फोटो बिघडला, तर रोज दाढीगणिक एक टोमणा ठरलेला.

म्हणून त्या पहाटे उसना कॅमेरा घेऊन आम्ही पूर्वेला समुद्र असलेल्या किनाऱ्यावर गेलो. मालकीणबाई टॉर्च धरायला आल्या होत्या. मला खडकावर उभा करा, असं त्यांनी दोनदा सुचवलं.

"अगं, मी माणसांची डोकी सरळ धरतो. समुद्राचं काय घेऊन बसलीस?" मालक म्हणाला आणि त्याने मला ओल्या वाळूत रोवलं.

सूर्याची कड वर आली. त्याच वेळी एक लाट येऊन गेली आणि माझ्या सैल पायाखालची वाळू सरकली. मालक एक डोळा मिटून बटण दाबत राहिला. दुसरा उघडला तोवर सूर्य पार वर आला होता.

फोटोत समुद्र डावीकडे सांडायच्या बेतात होता. सरळ करायला गेलं तर कडेचा सूर्य कापला जाईल, असं छपाईवाल्याने सांगितलं.

"मी केस कापतो, सूर्य कापणार नाही," मालक म्हणाला. आहे तसाच फोटो भिंतीवर लागला.

पहिलं गिऱ्हाईक शेजारचे मास्तर. आरशातला समुद्र सरळ दिसावा म्हणून ते मान कलती करायचे, मालक ती सरळ करायचा, ते पुन्हा कलती करायचे. शेवटी एक कल्ला वर गेला, एक खाली राहिला.

मास्तरांनी आरशात नीट पाहिलं. "फोटो झकास आलाय. आता तेवढा माझा एक कानही वर सरकव."

ते गेल्यावर मालकीणबाई स्टुलावर चढल्या. त्यांनी चौकटच तिरकी केली आणि खाली एक खिळा ठोकला. समुद्र सरळ झाला. खालच्या कोपऱ्यात मात्र ओल उघडी पडली.

त्या कोपऱ्यापुढे आता मी उभा आहे, अंगावर मोठा टॉवेल घेऊन.