नजमुद्दीनची लेट फी

रेवदंड्याच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलं चुकली की माझा पारा चढायचा, आणि पेन्शन घेतल्यावरही ती खोड गेली नाही. नजमुद्दीन शिकायला आला तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. चौलच्या वाड्यांतली विड्याची पानं स्वतःच्या शिडाच्या मचव्यातून मुंबईला नेणं हा त्याचा धंदा.

"मुंबईच्या धक्क्यावर फीपुरतं लागतंय तेवढंच इंग्रजी द्या, अण्णा," तो म्हणाला. "बाकी न्हाय समजलं तरी चालंल."

मी त्याला बजावलं, सुटा शब्द कामाचा नाही, सोबतच्या शब्दासकट घोक. फी आकारणं म्हणजे 'चार्ज अ फी', भरणं म्हणजे 'पे द फी', माफ करणं म्हणजे 'वेव्ह द फी'. तो पानांच्या जुड्या बांधताना घोकायचा, एका जुडीला एक वाक्य. उच्चार ऐकून मी कपाळावर हात मारून घ्यायचो. तो हसून पुढची जुडी उचलायचा.

एकतीस सालच्या पौषात चष्मा करायला मी त्याच्याच मचव्यातून मुंबईला निघालो. उत्तरेचा वारा समोरून असा लागला, की सोमवारी माल उतरवायची आमची पाळी होती आणि आम्ही पोचलो बुधवारी. धक्क्यावरच्या कारकुनाने वीस रुपये लेट फी सांगितली. फी भरल्याशिवाय एकही करंडी उतरणार नव्हती. नजमुद्दीनपाशी पाच रुपयेही नव्हते. पैसे पानं विकल्यावर यायचे, आणि पानं तर करंड्यांत पिवळी पडू लागली होती. फी माफ करणं धक्क्यावरच्या गोऱ्या साहेबाच्या हातात होतं, आणि साहेबाला इंग्रजीखेरीज काही कळत नव्हतं.

"अण्णा, तुमी हाव म्हणून बरं," नजमुद्दीन म्हणाला.

मी ऐटीत पुढे झालो. साहेबाने मान वर केली आणि माझी बोबडी वळली. तीस वर्षांत मी खऱ्या साहेबाशी एक वाक्य बोललो नव्हतो!

नजमुद्दीनने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग जुडी बांधताना हलायची तशी त्याची बोटं हलली आणि तो बोलला, "सर, नॉर्थ विंड. टू डे लेट. आय पे द फी, नो मनी. पान गो बॅड. प्लीज बेव द लेट फी."

साहेबाने वही उघडली. वर्षभरात हा मचवा एकदाही उशिरा आला नव्हता. त्याने फी माफ केल्याचं लिहून सही ठोकली. पहिली करंडी धक्क्यावर टेकली तेव्हा मी तिच्याशेजारीच मटकन बसलो. इतकं हायसं मला मुलीचं लग्न जमलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

परत आलो तर रेवदंड्याच्या बंदरावर पानांचे वाडीवाले जमलेले. नजमुद्दीन सांगू लागला, "अण्णांनी साहेबाला इंग्रजीत असा गुंडाळला..."

लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते. गप्प बसलो असतो तर जन्मभर मिरवता आलं असतं. पण माझा पारा चढला, या खेपेला माझ्या स्वतःवरच.

"थापा मारतोय तो!" मी ओरडलो. "माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. बोलला तो हा."

नजमुद्दीन खाली बघू लागला. माझ्या छातीवरचं ओझं मात्र उतरलं होतं. वाडीवाल्यांतले बापू म्हणाले, "मग अण्णा, आम्हालाही शिकवाल का तेवढं?"

"माझ्याकडे कशाला येता? त्याच्याकडे जा," मी म्हणालो. "मीही येऊन बसेन."