नुसता आवाज पाठवा

लेकानं सुनेचं गाणं मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा तोंडातला चहाचा घोट मी परत कपात सोडला. चहा चांगला होता.

माझी सून गाते. तिच्या तोंडावर मी कधी कौतुक केलं नाही, कारण सुनेला डोक्यावर घेतलं की ती तिथंच मिरे वाटायला बसते. पण आत स्वयंपाकघरात ती गुणगुणायला लागली की दुकानात दूध मापताना माझा हात मंद व्हायचा. तिच्या आवाजाला साय आहे. दाट, बोट फिरवलं तर सुरकुती पडेल अशी.

आणि कॉम्प्युटरमधून काय बाहेर आलं? डब्यात कोंडलेली गांधीलमाशी. ओळ संपली की शेवटचा शब्द जिन्यावरून पाय घसरलेल्या माणसासारखा गडगडत खाली जायचा. एकदा, परत एकदा, आणखी एकदा, आणि खाली जाऊन कण्हायचा. मध्येच कुणीतरी पोरीच्या तोंडावर उशी दाबल्यासारखा आवाज बसायचा, मग हळूच उशी काढल्यासारखा मोकळा व्हायचा.

"हे काय रे बटण्या?" मी विचारलं. लहानपणापासून हा घरातली सगळी बटणं पिरगाळत आलाय, म्हणून हे नाव. आता कॉम्प्युटरवर चित्रातली बटणं पिरगाळतो आणि त्याला काम म्हणतो.

"डिले आहे आई. आवाज थोड्या वेळानं परत येतो."

"एकदा म्हटलेलं दहा वेळा ऐकवायला घरात मी आहे की. आणि ती उशी?"

"तो फिल्टर."

"फिल्टर म्हणजे गाळणी, एवढं मलाही कळतं. गाळणीत चोथा राहतो, चहा खाली येतो. तुझ्या गाळणीत चहाच राहिलाय."

तो हसला. शिकलेली माणसं हसतात तसं, नाकातून. "तुला नाही कळायचं. हिचा आवाज पातळ आहे गं. उघडा ठेवला तर लोक हसतील. म्हणून सजवावा लागतो."

पातळ! माझ्या दुकानात ही शिवी आहे. मी सुनेकडे पाहिलं. ती दारात ओले हात पदराला पुसत उभी होती, मान खाली.

"खरंय आई," ती म्हणाली. "हे रोज तेच सांगतात. माझाच आवाज उतरलाय."

"उतरायला तो काय ताप आहे?" मी म्हटलं आणि दुकानात परतले. गाणं तिचं, नवरा तिचा.

आता आमच्या घराची रचना सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रस्त्याकडच्या खोलीत माझं दुधाचं दुकान. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून लेकानं गाणी करायची जागा केलीय. मध्ये माझा फ्रिज. म्हातारा आहे, रेड्यासारखा घोरतो, आणि घोरणं थांबवताना असा आचका देतो की नवं गिऱ्हाईक दचकतं. म्हणून घरात एक नियम झाला. सून गायला बसली की फ्रिजची पिन काढायची आणि दांडीला लाल फडकं बांधायचं, म्हणजे पिन परत लावायची आठवण राहते. माझं दूध धोक्यात घालून हा नियम मी मान्य केला होता. लेकासाठी नाही. तिनं विचारलं म्हणून.

हे गाणं गायलं गेलं त्या दिवशी मी बहिणीकडे गेले होते.

एका कंपनीला नव्या मालिकेच्या सुरुवातीच्या गाण्यासाठी बाई हवी होती. असल्या संधीची सून लग्न झाल्यापासून वाट बघत होती. लेकानं ती उशी दाबलेली, जिन्यावरून पडलेली वस्तू पाठवून दिली. दोन दिवसांनी दुपारी कंपनीतल्या बाईंचा फोन आला. मोठ्यानं लावला होता, मला दुकानात सगळं ऐकू येत होतं.

"चाल आवडली," बाई म्हणाल्या. "पण गाणारी कशी आहे तेच कळेना, इतकं काय काय लावलंय तुम्ही. तिचा नुसता आवाज पाठवा. आज संध्याकाळपर्यंत."

मला वाटलं आता आत उड्या मारतील. तर कसलं काय. लेकाचा आवाज आला, दबका.

"मी त्यांना कळवतो, नुसता आवाज देता येणार नाही. चाल घ्या, गाणारी तुमची आणा. निदान माझं तरी काम होईल."

"आणि मी?"

"अगं, तुझा आवाज तसा उघडा पाठवण्यासारखा आहे का? तूच सांग."

सून म्हणाली, "बरं."

ते 'बरं' ऐकून मी माप खाली ठेवलं आणि आत गेले.

"लाव," मी म्हटलं. "नुसता आवाज लाव. मला ऐकायचाय."

"आई, तुझं दुकान बघ ना."

"दुकान बघतेच आहे. दूध पातळ आहे असं कुणी म्हटलं तर मी चरवी त्याच्यापुढं ओतून दाखवते. ओत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि एकेका चित्राच्या कोपऱ्यातला दिवा मालवायला लागला. डिलेचा दिवा गेला, शब्द गडगडायचे थांबले. मग त्याचा हात अडला. "तो पण," मी म्हटलं. फिल्टरचा दिवा गेला.

आणि आवाजाच्या खालून आलं, घर्रर्र.

नवऱ्याचं घोरणं मी विसरले असेन, पण हे नाही. तो माझा फ्रिज होता. त्याच्यावर सुनेचा आवाज, पूर्ण, सायीसकट. दोन कडवी दोघं मिळून गायले. मग फ्रिजनं आचका दिला, थांबला, आणि शेवटच्या कडव्यात ती एकटी राहिली. सून पुढे आली आणि कॉम्प्युटरसमोर अशी उभी राहिली, जणू कुणी हरवलेलं माणूस आत दिसतंय.

"पिन काढायचं काम कुणाचं होतं?" मी विचारलं.

"माझं. विसरलो."

"कळलं कधी?"

"हेडफोन लावल्या लावल्या." तो बटणांशी बोलल्यासारखा बोलत होता. "घरघर काढायला फिल्टरनं आवाजाचा खालचा भाग कापला. मग तो पातळ झाला. भरायला डिले लावला. तो जास्त झाला म्हणून परत फिल्टरनंच दाबला..."

"आणि हिला काय सांगितलंस?"

तो माउसची वायर बोटाला गुंडाळायला लागला.

"परत गा म्हणाला असतास तर जीभ झडली असती?"

"एवढी मनापासून गायली होती. विसरलो म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

विसरणं मला समजतं. पण पाणी आपण घालायचं आणि बोल गाईला लावायचा? असले दूधवाले मी पायरीवर उभे करत नाही. आणि इथं तो माझ्या पोटी जन्मून माझ्याच छपराखाली बसला होता. त्याच्याकडे बघवेना. माशी पडलेल्या पातेल्याकडे बघवत नाही तसं.

सून हळूच म्हणाली, "रोज सकाळी मी गरम पाण्याच्या गुळण्या करत होते. आवाज परत यावा म्हणून. तुम्ही बघत होता."

त्याचं उत्तर ऐकायला मी थांबले नाही. मी बाहेर गेले, दुकानाचं दार लावलं, फ्रिजची पिन उपसली आणि फडकं बांधलं. संध्याकाळी विकायचं दूध नुकतंच आत ठेवलं होतं, गच्च भरलेला होता फ्रिज. शिवाय दिवसभर उकडत होतं.

"आई, दूध!" सून धावत आली.

"नासू दे. नासलेलं दूध निदान वासावरून कळतं. तू गा."

मी फ्रिजपुढे स्टूल टाकून बसले. बाहेर गिऱ्हाइकं दार वाजवून गेली, मी हूं की चूं केलं नाही. आतून सुनेचा आवाज आला, गाण्याआधीचा.

"डिले नको, फिल्टर नको. बटण दाब आणि हात मांडीवर ठेव. कळलं का रे?"

माझ्या कानावर पडेल असं ती नवऱ्याला आजवर 'अहो'च म्हणत आली होती. मी फडक्याची गाठ घट्ट करत बसले.

मग ती गायली. शेवटचा शब्द एकदाच आला, आणि पुरला.

गाणं तसंच उघडं पाठवलं, आणि दिवेलागणीला कंपनीतल्या बाईंचा फोन. "हा आवाज हवाय आम्हाला. पण मला सांगा, हे आधी का लपवलंत?"

लेकानं तोंड उघडलं. सुनेनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "आमचा फ्रिज चालू राहिला होता."

तिनं त्याची लाज झाकली. मी झाकली नसती. नासलेल्या दुधाची दोन पातेली मी त्याच्यापुढे आदळली आणि हातात घासणी दिली. घासताना त्यानं नाक मुरडलं.

"काय रे," मी म्हटलं, "लाव की गाळणी."