बॉल ज्याच्या हातात

सिडनी सोडून टूवूंबाला राहायला जायच्या आधीचा तो शेवटचा रविवार होता. शंतनू हॉलमध्ये फतकल मारून ग्लास कागदात गुंडाळत बसला होता. एक ग्लास हातात धरून तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला आणि मग म्हणाला, "चित्रा, आज तरी माझं नाव निघेल का गं?"

कुठे, कशात, हे मी विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढं कळतं. "निघेल की," असं म्हणून मी खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली. खात्री मला अजिबात नव्हती.

सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातल्या आमच्या मंडळींचा एक क्लब आहे, टूनगॅबी गालाज. गाला म्हणजे इथला गुलाबी-करडा काकाकुवा. थव्याने मैदानात उतरतो आणि संध्याकाळभर गवत उकरत बसतो. इथे येडपट माणसालाही गालाच म्हणतात, त्यामुळे क्लबचं नाव मला पहिल्यापासून पटलं. क्रिकेट सोडून हे लोक अमेरिकन फूटबॉल खेळतात. या देशात नुसतं फूटबॉल म्हटलं तर कोण कुठला खेळ समजेल सांगता येत नाही, म्हणून त्याला ग्रिडआयर्न म्हणायचं. हे खूळ आणलं प्रल्हादने. पुण्याहून तो डॅलसला प्रोजेक्टवर गेला आणि तिथून सिडनीला आला तो बॅगेत लंबगोल चेंडू घेऊनच. तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. आणि कडेने लांब पळत जाऊन तो चेंडू झेलणारा तो वाइड रिसीव्हर. शंतनू वाइड रिसीव्हर होता.

होता. कोणाचे गुडघे गेले, कोणाचे केस गेले, खेळतात ती आता नवी मुलं. पण सीझन संपला की मैदानाच्या कडेला बार्बेक्यू होतं आणि जुने गालाज खुर्च्या गोल मांडून दरवर्षी तोच वाद घालतात: क्लबच्या इतिहासातला सगळ्यात भारी वाइड रिसीव्हर कोण? वादाला नियम एकच. ज्याच्या हातात बॉल त्याने बोलायचं, बाकीच्यांनी तोंड मिटून ऐकायचं. पहिल्या वर्षी सगळे पुणेकर एकदम बोलले आणि कोणीच कोणाचं ऐकलं नाही, तेव्हा प्रल्हादने वैतागून तो नियम केला.

शंतनूकडे बॉल आला की तो दोन्ही हातांत धरतो, त्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवतो आणि काही न बोलता शेजारच्याला देऊन टाकतो. "बोल की रे," असं त्याला कोणी म्हणत नाही. का म्हणत नाही ते सगळ्यांना माहीत आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची मुलगी अनुष्का तेव्हा माझ्या कडेवर होती. फायनल संपत आली होती, आम्ही मागे होतो. ऊन कलत होतं. प्रल्हादने चेंडू फेकला तो त्या पिवळ्या उन्हात वर गेला आणि खाली यायचं विसरूनच गेला. अजूनही तो मला स्वप्नात दिसतो. स्वप्नात सगळं मैदान शांत असतं, लोक तोंड वर करून उभे असतात, गाला चरायचे थांबलेले असतात आणि चेंडू सावकाश गरगरत असतो. खाली शंतनू पळतोय. चेंडू त्याच्या मागे पडणार असं दिसत होतं. तेवढ्यात तो पळता पळता हवेतच उलटा वळला, एक हात मागे टाकला आणि बोटांच्या टोकांवर चेंडू घेतला. अख्ख्या मैदानाने श्वास सोडला. पुढे त्याला अडवायला कोणी नव्हतं. शेवटची पांढरी रेघ समोरच होती. ती ओलांडली की टचडाउन आणि कप आमचा.

आणि शंतनूने चेंडू आनंदाने वर उडवला.

क्रिकेटमध्ये झेल घेतला की काम संपलं. चेंडू उडवायचा आणि मित्र अंगावर येऊन पडायची वाट बघायची. लहानपणापासून कोथरूडच्या मैदानात स्लिपमध्ये उभा राहिलेला माणूस तो, हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. ग्रिडआयर्नमध्ये मात्र झेल घेतल्यावर पळायचं असतं. रेघेच्या अलीकडे हातातून सुटलेला चेंडू ज्याला सापडेल त्याचा. तो समोरच्या संघातल्या एका धिप्पाड माणसाला सापडला आणि तो उलट्या दिशेने पार दुसऱ्या टोकाला पळत गेला. शंतनू तोपर्यंत हात वर करून हसत उभा होता, आपली माणसं मिठी मारायला का येत नाहीत ते त्याला कळत नव्हतं.

त्याला कोणी एक शब्द बोललं नाही. प्रल्हादने पाठीवर थोपटलं, दुसरा रिसीव्हर यतिन, त्याने पाण्याची बाटली दिली आणि घरी येताना गाडीत सगळे उन्हाळ्याबद्दल बोलले. आपल्या लोकांचा हा चांगुलपणा माझ्या डोक्यात जातो. कोणाची नोकरी जाऊ दे, कोणाचं लग्न मोडू दे, सगळे चहा छान झालाय म्हणत बसतात. तो विषय तेव्हापासून कोणी काढला नाही. विषय काढायचा नाही म्हणून शंतनूचं नावही काढलं नाही. दरवर्षी प्रत्येक रिसीव्हरच्या नावाचा गजर होतो, अगदी एकच सामना खेळून पर्थला गेलेल्या वरुणच्यासुद्धा. माझा नवरा मात्र त्या क्लबात कधी खेळलाच नव्हता जणू.

आणि आता आम्ही चाललो होतो. मला टूवूंबाच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओची नोकरी मिळाली होती, शंतनू घरून काम करणार होता. तिथून वादासाठी कोण येतंय?

दुपारी मैदानावर पोचलो तेव्हा सॉसेजचा धूर झाडांत अडकून राहिला होता. सिकाडा किडे एकसुरात ओरडत होते, इतके की थोड्या वेळाने ते ऐकूही येईनासे झाले. बॉल यतिनच्या हातात होता.

"मी स्वतःबद्दल बोलत नाही, ओके?" यतिन म्हणाला आणि स्वतःबद्दल बोलायला लागला. "पण टचडाउन्स बघा ना. फॅक्ट्स आहेत, मेट."

शेजारच्या खुर्चीतल्या हृषीकेशने बॉल ओढून घेतला. "अरे, तुला कव्हर करायला कोणी यायचंच नाही. वरुणचा स्पीड आठव. ही वॉज अनरिअल."

"वरुण एक मॅच खेळला!"

"बॉल नाहीये तुझ्याकडे, गप बस."

बॉल फिरत होता. ऊन झाडांच्या शेंड्यांवर चढलं, गाला उतरले, मुलं चिप्स संपवून झोपाळ्यांकडे गेली. मला गुंगी आल्यासारखं झालं होतं. त्यांचे आवाज लांबून यायला लागले आणि डोळ्यांसमोर तोच चेंडू पुन्हा वर चढायला लागला. तेवढ्यात बॉल शंतनूकडे आला. त्याने तो धरला, शिवणीवरून अंगठा फिरवला. सगळे आपापल्या प्लेटमध्ये बघायला लागले. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि बॉल पुढे केला.

मी त्या गोलात कधी बसत नाही. पण उठले, तरातरा गेले आणि मधल्या मध्ये बॉल हिसकावून घेतला.

"आता मी बोलणार," मी म्हणाले. "आम्ही चाललोय, परत कधी येऊ माहीत नाही. इतकी वर्षं ऐकतेय मी तुमचं. याचं नाव का घेत नाही रे तुम्ही? त्याने फायनल घालवली, मान्य. मग शिव्या घाला ना त्याला! गाढव म्हणा, गाला म्हणा. पण म्हणा काहीतरी. त्याला काय वाटत असेल? की तुम्ही त्याला मोजतच नाही."

"चित्रा, अगं..." शंतनू म्हणाला.

"बॉल नाहीये तुझ्याकडे."

सॉसेज करपत होते, तिकडे कोणी बघितलं नाही. मग प्रल्हादने हात पुढे केला. मी बॉल त्याच्या हातात दिला.

"वहिनी," तो म्हणाला, "तो थ्रो वाईट होता. मी त्याच्या मागे टाकला होता. तो बॉल कोणालाच झेलता आला नसता. मी डॅलसला स्टेडियममध्ये बसून मोठे मोठे प्लेअर बघितलेत. तसा कॅच मी परत बघितला नाही." त्याने शंतनूकडे बघितलं. "आम्हाला वाटलं, विषय काढला तर त्याला त्रास होईल."

"पण उडवला कशाला!" यतिन बॉल नसतानाच ओरडला. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं असावं, कारण तो खुर्चीतून उठला होता. "रेघ समोर होती, येड्या! अनुष्काने पण नेला असता!"

क्षणभर मला वाटलं, झालं, आता संपलं. पण शंतनू हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग त्याला उचकी लागली, मग डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं, ते सगळ्यांना दिसलं आणि या वेळी कोणी प्लेटमध्ये बघितलं नाही.

मग जो वाद पेटला तसा तोवर कधी पेटला नव्हता. टचडाउन झाला नाही तर कॅच मोजायचा का? एका कॅचवर माणूस भारी ठरतो का? हृषीकेशने सॉसच्या बाटल्या मांडून अख्खा खेळ पुन्हा दाखवला. शेवटी अंधारून आल्यावर प्रल्हादने निकाल दिला: शंतनू चौथा.

"चौथा?" शंतनूने बॉल जवळजवळ हिसकावलाच. "वरुणच्या खाली? एक मॅच खेळलेल्या माणसाच्या खाली?" आणि तो बोलायला लागला. आपले सगळे झेल त्याला आठवत होते, वारा कुठून होता तेसुद्धा. कोणी मध्ये तोंड घातलं की तो बॉल वर करून दाखवायचा. गाला उडून गेले, मुलं पेंगुळली, प्रल्हादने दोनदा म्हटलं, "बॉल दे बाबा, क्लबचा आहे," पण शंतनू काही देईना.

घरी येताना गाडी मी चालवली. बॉल त्याच्या मांडीवर होता, दोन्ही हात त्यावर आणि तोंड अजून चालूच.

"डॅड, यू कॅन लेट गो नाऊ," मागून अनुष्का म्हणाली.

"नो वे," शंतनू म्हणाला. "आधी घरी पोचू दे."

मी दार उघडलं. तो पायरीवर थांबला. बॉल छातीशी घट्ट धरून त्याने आधी उजवा पाय आत टाकला, मग डावा, मग मागे वळून दोन्ही पाय उंबऱ्याच्या आत आलेत ना ते नीट बघितलं. आणि मग आमच्या रिकाम्या झालेल्या हॉलमध्ये, बांधलेल्या खोक्यांच्या मधोमध उभं राहून, त्याने तो बॉल पार छतापर्यंत उडवला.