न झालेलं पंक्चर

कानबाईच्या रविवारी, साक्री रोडला, अभिमन आबांच्या फाटकात, अख्ख्या भाऊबंदकीच्या डोळ्यांदेखत माझ्या सायकलचं पुढचं चाक पंक्चर झालं.

असं काही झालेलं नाही. पुढे चला.

मी मेघा. धुळ्याला देवपुरात राहते. रोज सायकलने पांझरेचा पूल ओलांडून आग्रा रोडच्या एका चष्म्याच्या दुकानात जाते आणि दिवसभर लोकांना "आता कसं दिसतंय?" एवढंच विचारते. त्याचा पगार मिळतो. सायकल जुनी आहे. चेन कुरकुरते, घंटी तिला वाटेल तेव्हा वाजते. पण आमच्या घरात दुसरं कोणी मागत नाही अशी ती एकच वस्तू. रिमोट दादाचा, कूलरसमोरची जागा दादाची, माझा चार्जर सगळ्या गल्लीचा. सायकल माझी. तिला पेट्रोल लागत नाही, त्यामुळे टाकीत किती उरलं ते बघून "कुठे हिंडून आलीस?" असं कोणाला विचारता येत नाही.

एवढं सुख घरच्यांना किती दिवस बघवणार?

त्यात उन्हाळाभर सायकल सारखी पंक्चर व्हायला लागली. आमच्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर वेडी बाभूळ आहे, वाटेवर सराटे आहेत, आणि पुलाकडे वळलं की हायवेवर फुटलेल्या ट्रकच्या टायरांमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. केसासारखी तार. दिसत नाही, टोचते. आमच्या नातेवाइकांसारखी. शेवटी पंक्चरवाला आपल्या भाच्याच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन घरी आला, म्हणाला, "तुम्ही घरच्यासारख्याच." तेव्हा प्रकरण आबांकडे गेलं.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. वडील भुसावळला रेल्वेत आहेत आणि फोनवर त्यांना एकच वाक्य येतं, "आबा म्हणतील तसं." तर आबा म्हणाले,

"आते एक पंक्चर अजून व्हयनी का सायकल भंगारमा. पोरले स्कुटी लई देऊत. चावी योगेंद्रकडे ऱ्हाई."

सगळ्यांनी आबांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. योगेंद्र म्हणजे माझा दादा. मी त्याला विचारलं, "स्कुटी माझी, मग चावी तुझ्याकडे का?"

"तू हरवशील."

"मी आजपर्यंत कोणती चावी हरवली?"

"आजपर्यंत तुझ्याकडे कोणती चावी होती?"

दुसऱ्याच दिवसापासून मी टायर शोधायला लागले.

चष्म्याच्या एका रिकाम्या डबीत मी बाभळीचा काटा, सराटा आणि ट्रकची तार असे तिघे गुन्हेगार घेतले आणि धुळ्यातली दुकानं पालथी घातली. दुकानदार म्हणायचा, "ताई, एक नंबर टायर, काहीच होत नाही." मी डबी उघडायची. तो टायर मागे घ्यायचा. एकाने तर शटरच खाली ओढलं, आणि आम्ही दोघंही आत राहिलो. मग फार अवघडून, अगदी सभ्यपणे बाहेर आलो.

शेवटी कोणीतरी जळगावच्या रुपचंदशेठचं नाव सांगितलं. सुट्टीच्या दिवशी मी बसने निघाले तर माय पिशवी घेऊन दारात.

"तू कुठे?"

"तुले भाव करता येत नही," माय म्हणाली. माझी आई लताबाई पारोळ्याच्या पुढे फक्त लग्नाला आणि मयतीला जाते. टायरसाठी पहिल्यांदाच निघाली. खिडकीची जागा तिने अशी धरली की कंडक्टरसुद्धा तिच्याशी दबून बोलला.

रुपचंदशेठने आमच्यासमोर तीन प्रकार ठेवले. पहिला भरीव टायर. आत ट्यूब नाही, हवा नाही, म्हणजे पंक्चरही नाही. मी दुकानाच्या गल्लीत एक फेरी मारून आले. रस्त्यातला प्रत्येक खडा माझ्या दाढांना स्वतःचं नाव-गाव सांगत होता. उतरले तेव्हा मला रुपचंदशेठ दोन दिसले, आणि दोघंही हसत होते. माझ्या नोकरीत हे चालणार नव्हतं.

दुसरा उपाय म्हणजे ट्यूबमध्ये सोडायचं हिरवं लिक्विड. भोक पडलं की ते आतून जाऊन बुजवतं. "काटा मोठा असला तर?" मी विचारलं. शेठ म्हणाले, "मग लिक्विड बाहेर येतं आणि काटा कुठे घुसला ते तुम्हाला कळतं." हा उपाय फारच प्रामाणिक होता.

तिसरा चांगला होता. जाड टायर, जमिनीला टेकणाऱ्या भागाच्या आत रबराचा आणखी एक थर. मी डबी उघडली. बाभूळ वाकली. सराटा चेपला. तार आत गेली, पण थरात अडकली. शेठने डबीला हात जोडले. टायर जड होता, पण शहरात मला कुठे शर्यत लावायची होती? एवढंच बघायचं होतं की रोज निघाल्यावर रोज पोचते की नाही.

"असे दोन द्या," मी म्हटलं.

"एक मिनिट," माय म्हणाली. तिने जड टायर उचलला, तोंड वाकडं केलं, खाली ठेवला. मग मांडणीवरचा एक साधा हलका टायर काढला, हातावर तोलला, नखाने टोचला, वास घेतला. "हाऊ चांगला शे. हलका शे. बिया कमी."

"बाई," शेठ म्हणाले, "हे भरताचं वांगं नाही."

"वांगं असतं तर मी एवढा टाइम लावला असता का?"

मी समजावलं, शेठने समजावलं, चहा घेऊन आलेल्या माणसाने समजावलं. माय हलली नाही. तिच्या आयुष्यात कोणी तिला कधी काही निवडायला दिलं नव्हतं, वांगी सोडून. मग मी म्हटलं, ठीक आहे. बहुतेक वजन मागच्या चाकावर येतं, मागे जड बसवू. पुढे मायचा. परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, टायरांचं लगेज लागेल. मायने दोन्ही टायर गळ्यात घातले आणि म्हणाली, "हाई मनं अंग शे." तो पुढे गेला.

आणि खरोखर, आषाढ पार पडला तरी सायकलला काही झालं नाही. आबा अस्वस्थ झाले. त्यांनी स्कुटी आधीच आणून ठेवली होती. ती त्यांच्या अंगणात हार घालून उभी होती, नवरदेव पळून गेलेल्या नवरीसारखी.

मग श्रावणात कानबाई देवीचा सण आला. कानबाईला सगळी भाऊबंदकी आबांकडे जमते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू काढून देवीच्या नैवेद्याचे रोट करतात. बायकांच्या नावाच्या मुठी नसतात. बायका त्या मुठी निवडतात, दळून आणतात, भाजतात आणि वाढतात.

निघताना दादा म्हणाला, "माय, तू रिक्षाने ये."

"मी पोरनी सायकलवर येस," माय म्हणाली, आणि लुगडं सावरून कॅरिअरवर बसली. पहिल्यांदा. अख्खं देवपूर बघत होतं. माय कोणाकडे बघत नव्हती, पण घंटी वाजवायला सांगत होती.

आबांच्या फाटकात मांडववाले सकाळीच बल्ल्या ठोकून गेले होते. त्यांचा बोटभर खिळा वर तोंड करून पडलेला. त्याच्यापुढे कोणता टायर टिकणार? पुढचं चाक त्यावरून गेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा फुस्स आवाज आला. मायने निवडलेला टायर.

ढोल थांबला. आबा ओट्यावरून उतरले. दादाच्या बोटात चावी आधीच फिरत होती.

"व्हयनी पंक्चर," आबा म्हणाले.

मी सायकलवरून उतरले नाही. "कोणतं पंक्चर?"

"चाक बसी गयं नं!"

"दमलं असेल. दोघींना घेऊन आलंय."

"हवा कोठे गई मंग?"

"हवानी मर्जी," माय मागून म्हणाली.

आबांचा चेहरा लाल झाला. "योगेंद्र, ट्यूब काढ. परात आना, पानी आना. बुडबुडा खोटं बोलत नही."

दादाने आम्हा दोघींना उतरवलं, स्वयंपाकघरातली दोन उलथणी घालून टायर उचकटला. आतली ट्यूब बाहेर आली, तिच्यात हवा भरली. पुरणाची मोठी परात पाण्याने भरून अंगणात आली. आणि ट्यूब पाण्यात धरायला बसली मोठी माय, म्हणजे आबांची बायको भिकुबाई. तिचे हात ओलेच होते, सकाळपासून कणकेत.

सगळे परातीभोवती वाकले. मोठ्या मायने ट्यूब हळूहळू फिरवली. हात एका जागी आला, तिथे पाणी जरा खवळलं. तिचा अंगठा त्या जागेवर बसला.

आणि उठला नाही.

"दखा," ती म्हणाली. "काय बी नही शे."

"अंगठा काढ," आबा म्हणाले.

"मना अंगठा मना शे."

"भिकुबाई!"

"बुडबुडा कोणी दखा का?" तिने विचारलं. आबांना नाही, बायकांना. माझ्या चुलत्या, चुलतबहिणी, दादाची बायको पुनम, मांडवाखालच्या म्हाताऱ्या, सगळ्या परातीत बघत होत्या. पुनमने आधी दादाकडे पाहिलं, मग परातीत. "मला तर काहीच दिसत नाही," ती म्हणाली. मग सगळ्या म्हणाल्या. एक म्हातारी, जिला तसंही काही दिसत नाही, ती सगळ्यात जोरात म्हणाली.

पुरुषांना बुडबुडा दिसला होता. पण पोळ्या अजून तव्यावर होत्या आणि तवा बायकांकडे होता, म्हणून त्यांनी ढोलाकडे पाहिलं.

आबांनी शेवटचा कायदा काढला. "बायकास्नं तोंडी चालाव नही. पंक्चर व्हयनी नही, तं तसा सरकारी दाखला आन. लेखी. शिक्कानिशी."

"दाखला येईपर्यंत काय?"

आबांनी सवयीने, विचार न करता, आयुष्यभर कचेरीत दिलेलं उत्तर दिलं. "अर्ज प्रलंबित शे तोवर जसं शे तसं."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण तोवर ढोल सुरू झाला होता.

संध्याकाळी मी पंक्चरवाल्याकडे गेले. म्हटलं, न झालेलं पंक्चर काढायचंय. तो म्हणाला, झालेल्याएवढेच पैसे पडतील. रात्री जेवण उरकून, मायला शेजारी बसवून अर्ज लिहिला. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचून घेतलं.

प्रति,
याबाबत जे कोणी अधिकारी सक्षम असतील ते.

विषय : पंक्चर न झाल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,

कानबाईच्या रविवारी अर्जदाराच्या सायकलच्या पुढील चाकात खिळा गेला, परंतु पंक्चर झाले नाही. याची सखोल चौकशी व्हावी. चौकशीस लागेल तितका वेळ घ्यावा, कोणतीही घाई करू नये. सदर टायर अर्जदाराच्या आईने स्वतः निवडलेला असल्याने तो उत्तम आहे, अशी नोंद घ्यावी. तसेच सदर आईस सायकल, स्कुटी अथवा अन्य कोणतेही वाहन चालवता येत नसले, तरी ती वाटेल तेव्हा, वाटेल तिथे, कोणालाही न विचारता जाऊ-येऊ शकते, असा शेरा दाखल्यावर मारून, गोल शिक्क्यासह तो तिच्याच हाती देण्यात यावा, ही नम्र विनंती.