बोटभर आखूड

गॅरेजात धाकट्या दिराने गोणपाटाखाली काहीतरी सरकवलं आणि वर हसून विचारलं, "चहा झाला का वहिनी?" तिच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. एरवी ज्याच्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागायची, तो आज आपणहून चहाची चौकशी करतोय? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, बाबा?

तो जेवायला गेला तशी तिने गोणपाट उचललं. खाली ट्रकचा डावा दांडा. मागच्या चाकांचा एक्सल चॅसीला, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याला, धरून ठेवणारे असे दोन दांडे असतात, डावा आणि उजवा. तिने तो आपल्या जिगवर ठेवला. जिग म्हणजे तिने स्वतः बनवलेला लोखंडी साचा, दोन खुंट्यांचा. दांड्याची दोन्ही भोकं खुंट्यांवर बसली की माल पास. एक भोक बसलं, दुसरं काही केल्या बसेना. दांडा कापून पुन्हा जोडलेला होता, चांगला बोटभर आखूड.

एक दांडा आखूड म्हणजे एक्सल वाकडा. उमेदीची सगळी वर्षं मालवाहू ट्रकांचे वाकडे एक्सल सरळ करण्यात घालवलेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको होतं. आणि हा तर शर्यतीचा ट्रक, चालवणारा तिचा नवरा. मातीच्या गोल ट्रॅकवर, भिंतीला घासून.

दिराला स्वतःला चालवायचा होता तो ट्रक. दादाने नाही म्हटल्यापासून तो घुम्यासारखा वागत होता. त्यात परवा पलीकडच्या गॅरेजच्या म्हाताऱ्या मेकॅनिकशी फाटकात उभा राहून कुजबुजत होता. ती दिसताच दोघे गप्प! पाणी कुठे मुरतंय ते आता कळलं.

"अहो, भावावर जरा लक्ष ठेवा," ती नवऱ्याला म्हणाली.

"त्याच्यावर? अगं, मुंगी मारायची तरी दोनदा विचार करतो तो." नवरा हसत सुटला.

हसा! पुराव्याशिवाय भावाभावांत लावून दिली म्हणून उद्या मलाच बोलतील. तिने ताकास तूर लागू दिली नाही. दिराने तो दांडा बसवला, तेव्हा शेजारी उभी राहून तिने त्याला पानासुद्धा दिला. मग तो टायर आणायला गेला, आणि तिने पूर्ण मापाचा नवा दांडा वेल्ड करून बनवला, तसाच काळा रंग मारला, आखूड काढून तो चढवला. एक्सल सुतात आला. तेव्हा कुठे तिला घास गिळवला.

सरावाच्या पहिल्याच वळणावर नवऱ्याने पूर्ण वेगात ट्रक डावीकडे घातला. ट्रक वळलाच नाही. नाक सरळ ठेवून तो भिंतीवर जाऊन आदळला.

ती धावली. नवरा दारातून बाहेर पडला तेव्हा त्याचा डावा हात कोपरापासून लोंबत होता. पण त्याचं लक्ष हाताकडे नव्हतं, भावाकडे होतं.

"डावा बोटभर आखूड कर म्हटलं होतं ना तुला? सगळी वळणं डावीकडची, एक्सल थोडा तिरका असला की ट्रक आपोआप वळतो, त्या म्हाताऱ्याकडून तूच शिकून आलास ना? मग बसवला का नाहीस?"

म्हणजे नवऱ्यानेच सांगितलं होतं!

"वहिनीला कळू द्यायचं नाही, जिग डोक्यात घालेल, असं म्हणून दात काढत होतो आपण," नवरा दात-ओठ खात म्हणाला. "आणि ती मला सांगत होती, भावावर लक्ष ठेवा. मीच येडा!"

दीर वाकून ट्रकखाली शिरला. दांड्याच्या जोडावरून त्याने अंगठा फिरवला. त्याच्या वेल्डची रेघ लांब, सैल असायची. ही दाट होती, एकाला एक चिकटलेली. असं जोडकाम त्यांच्या गॅरेजात एकाच माणसाचं. तो बाहेर आला, क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"चुकलो, दादा. घाईत जुन्या मापाचा बसवला."

हे मात्र तिला सोसवेना.

"तो खोटं बोलतोय," ती म्हणाली. "दांडा मी बदलला. मला वाटलं, हा तुमच्या जिवावर उठलाय."

दांडा कुणी बदलला ते दिराला अंगठ्यानेच कळलं होतं. का बदलला, ते आत्ता कळलं. तो तिच्याकडे बघतच राहिला, आणि मग दादाला धरायला पुढे केलेला हात त्याने मागे घेतला.