सालीवरचा पूल

आमच्या रोपवाटिकेत सफरचंदाचं एक जुनं झाड आहे. सगळी कलमं त्याच्याच काड्यांची, आणि त्या काड्या मामंजींशिवाय कुणी कापायच्या नाहीत, हा घरचा कायदा. अशा झाडाच्या बुंध्याची साल माझ्या नवऱ्याने गवत कापायचं यंत्र चालवता चालवता सगळीकडून गोल सोलून काढली.

"पानं हिरवीगार आहेत," मामंजी जेवताना म्हणाले. "काही होत नाही त्याला."

माझं डोकंच फिरलं. हिरवी राहणारच! मुळांनी शोषलेलं पाणी आणि क्षार आतल्या लाकडातून वर चढतात, आणि लाकूड शाबूत होतं. पण पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं, ती वाटच तुटली होती. वर पंगत आणि खाली मुळं उपाशी. उपाशी मुळं पाणी तरी किती दिवस ओढणार?

"पूल बांधू," मी म्हटलं. "काडीचं एक टोक जखमेखालच्या सालीत, दुसरं वरच्या सालीत."

"माझ्या झाडाला सुरी लागणार नाही."

"मग पुढच्या वर्षी कुऱ्हाड लावा, मामंजी."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. मामंजी ताटावरून उठून गेले. नाही मात्र म्हणाले नाहीत, आणि मला तेवढं पुरे होतं.

कलमांसाठी कापलेल्या त्याच झाडाच्या काड्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या होत्या. मी सालीत चिरा पाडल्या, काड्या खोचल्या, बारीक खिळे ठोकले. नवरा तोंड पाडून चिरा बुजवायला मेण वितळवत होता.

"अहो, काडी उलटी देताय! कोंबांचे डोळे वर करून द्या."

"आधीच एकदा माती खाल्ली आहे," तो पुटपुटला आणि काडी फिरवून दिली.

हिवाळ्यापर्यंत पेन्सिलीएवढ्या काड्या बोटाएवढ्या झाल्या. त्या वर्षी मामंजींनी काड्या न कापता झाडाला विश्रांती दिली. मग वसंतात ते असं फुललं की फांदी दिसेना. मी अंगणात उभी राहून चक्क नाचले.

पुन्हा हिवाळा आला, काड्या कापायची वेळ झाली. मामंजी सुरी घेऊन झाडापाशी गेले, पुलावरून बोट फिरवत राहिले. मग वळले आणि सुरीची मूठ माझ्यापुढे धरली.

"सूनबाई, काप."

मी पहिली काडी कापली.