गळकी भिंत आणि कात्री

सासूबाई छताकडे बघून कुणाला तरी हाकलू लागल्या आणि घरातल्यांचे हिशेब भराभर जुळले. थोरल्या दिरांनी वृद्धाश्रमात जागा ठरवूनही टाकली. संध्याकाळी गाडी येणार होती. वयापुढे इलाज नाही, असं ते इतक्या शांतपणे म्हणाले की हे वाक्य त्यांनी बरेच दिवस तयार ठेवलेलं असावं. धाकट्या सुनेने होही म्हटलं नाही, नाहीही. सासूबाई तिला येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर कात्रीचोर म्हणत होत्या. अशा बाईला निरोप देताना डोळे ओलावतात थोडेच!

सून प्रयोगशाळेत मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढवायची. या पेशी एकमेकींना घट्ट धरून भिंतीसारख्या उभ्या असतात. रक्तातलं नको ते मेंदूत शिरू देत नाहीत. आज तिने त्यांच्यात जंतू घातले नव्हते. शरीरात कुठे दाह झाला की रक्तात जे इशारे सुटतात, त्यांचे नुसते थेंब घातले होते. दुपारी पाहिलं तर पेशींची पकड सुटलेली, भिंत तपासायला वर घातलेला रंग खाली झिरपलेला.

हे तिने कितीदा तरी पाहिलं होतं. आज मात्र हात थबकला. दुखणं एकीकडे आणि भिंत खचते भलतीकडेच. सासूबाईही अशाच अचानक बिघडल्या होत्या. बाथरूममध्ये कण्हायच्या, पाणी नको म्हणायच्या. अंगात ताप नाही म्हणून कुणी विचारलंही नव्हतं.

गप्प बसलं तर आजपासून घरात शांतता. हा मोह जिन्यापर्यंत तिच्यासोबत आला. मग तिने डॉक्टरांना फोन लावला आणि घरी धाव घेतली.

गाडी दारात उभी होती. दिरांनी सासूबाईंचा दंड धरला होता. सुनेने प्रयोगशाळेत पाहिलेलं सांगितलं, तसे ते म्हणाले,

"बशीतल्या पेशी बघून तू आईला काय झालंय ते सांगणार?"

"ते डॉक्टर सांगतील. लघवी तपासल्याशिवाय आई गाडीत बसणार नाहीत, भाऊजी."

ती दारातून हलली नाही. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. डॉक्टर आले, त्यांनी नमुन्यात पट्टी बुडवली. सगळे त्या पट्टीकडे बघत उभे. रंग बदलला. संसर्ग आहे, डॉक्टर म्हणाले. आधी तो उतरू दे, डोक्याचं मग बघू. गाडी रिकामी गेली.

औषधं सुरू झाली आणि छतावरची माणसं एकेक करून निघून गेली. एका सकाळी सासूबाईंनी सुनेला नीट निरखून पाहिलं.

"आई, बरं वाटतंय?"

"ते राहू दे. माझी कात्री आण."

सुनेने आपलं कपाट उघडलं आणि मुकाट्याने कात्री त्यांच्यासमोर ठेवली. तेवढं मात्र त्या पहिल्यापासून शुद्धीत बोलत होत्या.